जँडलच्या अलीकडे

पापाटोएटोच्या काशिनाथ वैशंपायनांना सहा वर्षांत रग्बीचे नियम काही कळले नाहीत, पण म्हणून त्यांच्या भक्तीत कधी उणं पडलं नाही. माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात पंपांची ड्रॉइंग्ज तपासणारा हा अबोल गृहस्थ शनिवारी सकाळी कॉलेजच्या टीमची मॅच असली की मैदानाच्या दोरीला पोट टेकवून उभा राही आणि शेजारच्या आळीला ऐकू जाईल असं ओरडे, "अरे धर की त्याला." इथे किवींच्या देशात कॉलेज म्हणजे आपलं हायस्कूल आणि फुटी म्हणजे रग्बी. मुलगी श्रिया त्याच कॉलेजात होती. वडिलांनी तोंड उघडलं की ती मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राही. टीममधल्या दांडग्या सामोअन आणि माओरी पोरांचा मात्र काकांवर जीव. त्याला नारळाच्या वड्यांचा डबाही थोडासा कारण होता.

टीमचा दरवर्षीचा शेवटचा सामना रोटोरुआला असे, आणि तिथे ती कधीच जिंकली नव्हती. २००६च्या ऑगस्टात काशिनाथरावांनी मनावर घेतलं. देव पाण्यात ठेवून बसलोय, असं आपण सगळेच म्हणतो. खरोखर कोण ठेवतो? यांनी ठेवला. निघायच्या सकाळी बायको अस्मिता पुऱ्या तळत होती, तेवढ्यात तिच्या माहेरचा पितळी गणपती यांनी देवघरातून अलगद उचलला, पाण्याने भरलेल्या फिरकीच्या डब्यात ठेवला, आणि हात जोडून सांगितलं, टीम जिंकेपर्यंत तुला बाहेर काढणार नाही.

डबा मांडीवर धरूनच ते बसमधून रोटोरुआला गेले. लोणचं असेल, असं शेजारच्या पालकांना वाटलं.

टीम सपाटून हरली. रोटोरुआच्या हवेत गंधकाचा वास असतोच. त्या दुपारी तो जरा जास्तच होता, असं काशिनाथराव अजून सांगतात.

संध्याकाळी मोटेलात चटणी म्हणून अस्मिताने तो डबा उघडला आणि तशीच उभी राहिली. काय घडलं ते काशिनाथरावांनी चाचरत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आता पुढची मॅच कधी?"

"एप्रिलात."

"आणि चतुर्थी कधी आहे?"

ती पंधरा दिवसांवर होती. शाडूची मूर्ती इथे मिळायची नाही, म्हणून चौरंगावर दरवर्षी हाच गणपती बसे. आईने निघताना तो ओटीत घातला होता, आणि इतक्या वर्षांत त्याची चतुर्थी एकदाही चुकली नव्हती. काढून टाका, असं तिच्या अगदी ओठावर आलं, पण देवाला दिलेला शब्द मोडा हेही तिच्याच्याने म्हणवेना. काशिनाथरावांना तर तिच्याकडे बघवेना. तिने डब्यातलं पाणी बदललं, डबा खिडकीत ठेवला आणि पाठ फिरवून झोपली.

रविवारी निघण्याआधी तळ्याकाठच्या हिरवळीवर पोरं विरुद्ध पालक असा एक खेळ व्हायचा. तोही दरवर्षीचाच. यात पाडापाडी नाही. हात लागला की थांबायचं. दोन्हीकडे सगळ्यांच्या जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपरा, ओळीने मांडायच्या. त्या ओलांडून चेंडू टेकवला की गुण. दोन्ही बाजू बरोबरीत आल्या आणि पुढचा गुण घेईल तो जिंकला असं ठरलं.

काशिनाथराव कडेला उभे होते. सहा वर्षांत त्यांच्या हाती कधी चेंडू आला नव्हता, त्यामुळे त्यांना अडवायला कोणी थांबतही नसे. तो नेमका त्या दिवशी आला. कुणीतरी घाईत फेकला, यांच्या पोटावर आदळला आणि तिथेच राहिला. समोर मोकळी हिरवळ. काशिनाथराव धावले. मागून सगळे पालक ओरडत होते, आणि दुसऱ्या टोकाला पळणारी श्रियासुद्धा चक्क ओळीजवळ येऊन हात उंचावून उड्या मारत होती.

जँडल्स एका पावलावर आल्या तेव्हा त्यांच्या मनात आलं, आपण जिंकलो तर टीम हरली. टीम जिंकू दे एवढंच तर म्हटलं होतं. कुणाविरुद्ध, ते कुठे म्हटलं होतं?

त्यांना ते पाऊल फार फार टाकावंसं वाटलं. आयुष्यातला पहिला आणि बहुधा शेवटचा गुण होता तो, तोही पोरीसमोर.

ते थांबले. धापा टाकत मागून आलेल्या सिओनेचा, म्हणजे टीमच्या कप्तानाचा, हात त्यांनी पाठीला लागू दिला आणि चेंडू प्रसादासारखा दोन्ही हातांनी त्याच्या हाती ठेवला. सिओने क्षणभर गोंधळला. मग वळला, आणि एवढा दांडगा मुलगा सगळं मैदान कापून पलीकडे गेला. टीम जिंकली.

पालकांनी कपाळाला हात लावले. कुणी म्हणालं, मेट, अरे दोस्ता, जँडल्स ओलांडायच्या असतात. श्रिया रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, यू वेअर राइट देअर."

"असं होय? मला वाटलं, तिथपर्यंतच जायचं असतं," काशिनाथराव म्हणाले. त्यांना नियम कळत नाहीत हे सगळ्यांना ठाऊकच होतं, तेव्हा कुणाला शंका आली नाही. एकटी अस्मिता सोडून. ती केव्हाच खोलीकडे निघाली होती.

ते पोचले तेव्हा गणपती कोऱ्या रुमालावर कोरडा होऊन बसला होता, आणि तिने डब्यातलं पाणी बाहेरच्या झाडाला घातलं होतं.

"असली पळवाट देवाला चालते का हो?" तिने विचारलं.

"चालत नसती तर चेंडू माझ्याकडे कशाला आला असता?"

तिला हसू आवरेना. परतीच्या बसमध्ये पोरांनी काकांना जँडलकाका करून टाकलं. ते नाव आजतागायत चिकटलंय. चतुर्थीला आरतीला आलेल्या मंडळींना श्रियानेही ती गोष्ट रंगवून सांगितली. काशिनाथराव चौरंगाजवळ बसून मान डोलावत हसत होते. अस्मिताने सगळ्यांना मोदक वाढले, आणि त्यांच्या पानात, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, एक जास्तीचा सरकवला.