ओडेसाचं पुस्तक दुकानात आलं

माझी वहिनी ओडेसा सरकारी नोकरीत होती. रोज सकाळी बसने पोटोमॅक नदी ओलांडून व्हर्जिनियात जायची. तिथे ती काय करते, हे माझ्या भावालाही ठाऊक नव्हतं, कारण घरी बोलायची सक्त मनाई. भाऊ लेम्युएल शहर बसचा ड्रायव्हर, त्याच्या पोटात काही राहायचं नाही. जेवताना तो हमखास डिवचायचा, "काय बाईसाहेब, आज किती पेन्सिली तासल्या?" ती गुपचूप मक्याचा पाव मोडत बसायची.

पंचाहत्तर साली एका दुपारी ती माझ्या शिवणाच्या दुकानात धावतच शिरली.

"ऊठ! लेमला घेऊन जायचंय. आत्ताच्या आत्ता!"

लेमची सुट्टी होती. तो अंगणात गाडी धूत होता. तिने त्याला साबणाच्या हातांनिशीच ओढलं आणि आम्हा दोघांना शहरातल्या सरकारी पुस्तकांच्या दुकानात नेलं. टेबलावर जगातल्या देशांच्या माहितीचं एक पुस्तक होतं. तिने त्यावर हात ठेवला.

लेमने पानं चाळली. "लोकसंख्या, डोंगर, रेल्वे... हे शाळेतलं काही आहे का?"

"हे आमच्या ऑफिसचं काम, लेम. इतकी वर्षं हे सरकारी कचेऱ्यांबाहेर जात नव्हतं. आता कोणीही विकत घेऊ शकतं. यातलं बोलायला हरकत नाही म्हणून साहेबांनी आज सांगितलं!"

"तुझं नाव कुठाय?"

"कोणाचंच नाव नाही."

"मग तुझं काय यात?"

तिने भराभर पानं उलटली. "हा आइसलँड बघ. नकाशावर लांबी मोजायचं चिमुकलं चाक फिरवत हा अख्खा किनारा मी मोजलाय. असे कितीतरी! आणि हा चाड. याला समुद्रच नाही, त्या दिवशी मला आराम!"

लेमने पुस्तक उंच धरलं. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा गरजला, "अहो, ऐका! जगाचे किनारे माझ्या बायकोने मोजलेत!"

सवयीने तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. "शू!" मग स्वतःच हात काढला आणि खदखदून हसली. "ओरड रे, हवं तितकं ओरड!"

त्या संध्याकाळी विकत आणलेलं पुस्तक टेबलावर उघडं होतं, आणि ताटातलं मांस गार झालं तरी तिची टकळी थांबेना. लेम हनुवटीला हात लावून ऐकत होता.

"बरं, नॉर्वे कसा मोजलास? तिथे तर नुसत्या खाचाच खाचा दिसतायत."

"अरे, नॉर्वेने रडवलं मला!" ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.