दोन हातांवर दोन तेलं: फुलसावंगीजवळच्या टी ट्रीच्या शेतात

फुलसावंगीला मी भांडायला निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. बाहेरची माणसं यवतमाळ जिल्ह्यात जातात ती बहुधा वाघ बघायला. माझ्या पिशवीत मात्र टॉवेलात गुंडाळलेली काचेची बरणी होती, तिच्या तळाशी पाव हिस्सा तेल होतं, आणि ते ज्यांनी विकलं त्यांच्या नाकाखाली धरायचं एवढाच बेत होता.

नाशिकला एक लहानशी जागा घेऊन, रीतसर परवाना काढून, मी नाजूक त्वचेसाठी क्रीम आणि लोशन बनवते. त्यात अगदी थोडं, मापून, टी ट्रीचं तेल असतं. टी ट्री म्हणजे चहाचं झाड नव्हे. ते मूळचं ऑस्ट्रेलियातलं, आपल्या निलगिरीच्या नात्यातलं, बारीक सुईसारख्या पानांचं झाड. मुरमांवर, खाजेवर त्याचं तेल गुणी, पण नुसतं लावलं तर चावतं, म्हणून ते पातळ करूनच वापरायचं. गेल्या वर्षी महागाव तालुक्यात, फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावर, चंदाबाई राठोड नावाच्या शेतकरीणबाई ते पिकवतात आणि स्वतः काढतात असं कळलं. नमुना मागवला आणि मी खूश झाले. इतकं मऊ वासाचं तेल मला मोठ्या व्यापाऱ्यांकडूनही मिळालं नव्हतं. लगेच मोठी मागणी दिली.

आणि या जानेवारीत माझ्या क्रीमने लोकांचे चेहरे लाल व्हायला लागले. पहिली माझी नणंद, तीही मुलाच्या साखरपुड्याच्या आठवड्यात. मग आणखी काही जणी. मी बरणीचा वास घेतला तर रंगाच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं. चंदाबाईंना फोन लावला आणि जे सुचलं ते सुनावलं: तेल खराब आहे, भेसळ असणार, पुढची मागणी रद्द. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला की त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, दोन ओळी उपटल्यात, सोमवारी ट्रॅक्टर लावून सगळं टी ट्री मोडणार आणि तिथे हळद घेणार. आपल्या तेलाचं काय चुकलं ते त्याआधी एकदा येऊन दाखवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. चूक कुठे आहे हे मी पाच मिनिटांत दाखवीन याबद्दल मला काडीची शंका नव्हती, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी निघाले.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगते. नाशिकरोडहून रात्रीची गाडी पकडून सकाळी धामणगावला उतरा. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, बघून तिकीट काढा. स्टेशनबाहेरून बाभुळगावमार्गे यवतमाळची एसटी मिळते आणि बायकांना अर्धं तिकीट. बाभुळगावच्या स्टँडवर गाडी जरा रेंगाळली, तेवढ्यात मी तर्री-पोहे खाल्ले. तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, वरून घालू का बाजूला देऊ असं विचारतात, तेव्हा नाशिकचा ताठा न दाखवता बाजूला मागावी. मी वरून घाला म्हणाले आणि यवतमाळ येईपर्यंत नाक पुसत बसले.

यवतमाळला दुसरी एसटी, आर्णीवरून महागावला. रस्ता आता झकास झालाय. दोन्ही बाजूंना वेचणी संपलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, मधूनच हरभऱ्याची कापणी, आणि माळावर पळस फुललेला. उकाड्याने माझ्या पिशवीतली बरणी बोलायला लागली असावी, कारण कंडक्टर तिकीट देता देता थबकला.

"ताई, पिशवीत पेंट हाय काय? पेंट गाडीत चालत नाई."

शेजारच्या बाईंनी तर पदर नाकाला लावला होता. मला राग यायला हवा होता, पण मी मनातून खूशच झाले. एवढे साक्षीदार आयते मिळत होते.

महागावहून फुलसावंगीला पोचेतो दीड वाजला. स्टँडवर धर्माभाऊ, म्हणजे चंदाबाईंचे मालक, मोटारसायकल घेऊन उभे होते. राम राम झाला आणि त्यांनी लगेच गाडीला किक मारली. वाटेत घराघरांपुढे वाळत घातलेली हळद, पिवळ्या पायांच्या बायका. तांडा लहान आहे, पन्नासेक घरं. इथली बंजारा माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव फिरायची, आता शेती करतात. घरात त्यांची गोरबोली, आणि माझ्यासारखं कुणी आलं की वऱ्हाडी.

चंदाबाई पन्नाशीच्या, काटक, हातात पांढऱ्या बांगड्या. त्यांनी आधी जेवू घातलं. ज्वारीची बाटी, म्हणजे आपली भाकरीच, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत. भांडायला आलेल्या माणसाला इतकं चांगलं जेवण घालू नये. तरी मी हात धुतले आणि बरणी काढली.

त्यांनी वास घेतला. चेहरा वाकडा केला आणि म्हणाल्या, "हे आमचं नाई."

मी म्हणाले की तुमचंच आहे, तुम्ही पाठवलेलं, दिवाळीच्या आधीचं. त्यावर त्या आत गेल्या आणि घरातल्या ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून एक लहानशी तपकिरी बाटली काढून घेऊन आल्या. त्यांच्याकडे रीत अशी की कोणतंही पीक घरातून पुरतं जाऊ द्यायचं नाही. नवं येईतो जुन्यातला एक वाटा घरात राहिला पाहिजे. ज्वारीचा राहतो, तुरीचा राहतो, तसा त्यांनी तेलाच्या प्रत्येक खेपेचाही ठेवला होता. बाटलीवर दोऱ्याने कागद बांधलेला, त्यावर मला तेल पाठवल्याचा महिना. बूच काढलं आणि तो पहिला, मऊ, ओल्या पानांसारखा वास आला.

आता शहाण्या माणसाने इथेच ओळखायला हवं होतं. मी शहाणी नव्हते. वास म्हणजे पुरावा नव्हे, कातडी सांगेल ते खरं, असं मी ठणकावलं. टी ट्रीचं तेल रोज हाताळून माझी कातडी इतकी हळवी झालीय की खराब तेल लागलं की लगेच लाल होते. चमचाभर खोबरेल दोन वाट्यांत घेतलं, एकीत माझ्या बरणीतले दोन थेंब, दुसरीत त्यांच्या बाटलीतले दोन. डाव्या कोपराच्या आत माझं लावलं, उजव्या कोपरात त्यांचं, आणि सोमवारी सकाळी बघू असं ठरलं. म्हणजे मुक्काम आला. दोन रात्री राहायला त्यांना काही विचारावंही लागलं नाही, चंदाबाईंनी माझी पिशवी केव्हाच आत नेली होती.

संध्याकाळी शेतात गेलो. कमरेच्या वर आलेली झाडं, बारीक हिरवी पानं, बोटांत चुरडली की वास. आणि कडेच्या दोन ओळींत नुसते खड्डे. उपटलेली झाडं बांधावर आडवी पडली होती. धर्माभाऊंचं म्हणणं साधं होतं आणि ते मला पुढे त्यांनी सविस्तर सांगितलं. तांड्यावर सगळे हळदीवाले, टी ट्री लावलं तेव्हा लोक हसले होते. घेणारी एकच बाई, तीही भेसळ म्हणते, मग अर्ध्या एकराला पाणी कशासाठी पाजायचं? मला त्यांचं म्हणणं पटलं, फक्त त्यात माझा काही हात आहे असं वाटलं नाही.

रविवारी मला माझा गुन्हेगार सापडला. घरामागे हळद शिजवायचा बॉयलर होता. खाली जाळ, त्याची वाफ नळीने तीन टाक्यांत जाते आणि हळद शिजते. चंदाबाई त्याच वाफेवर तेल काढतात. मी लगेच म्हणाले, हे बघा, हळदीच्या टाकीत तुम्ही पाला शिजवता, दुसरं काय होणार. चंदाबाईंनी मला हाताला धरून पलीकडे नेलं. तिथे चौथी टाकी होती, वेगळी, स्टीलची, आतून आरशासारखी घासलेली, आणि तिच्यात हळदीचा एक डागही नव्हता. फक्त वाफ तेवढी सामाईक, आणि तिची नळीही स्वतंत्र.

उपटलेल्या झाडांचा पाला वाया घालवायचा नाही म्हणून त्या दिवशी त्यांनी तोच टाकीत भरला. पाय देऊन दाबला, झाकण आवळलं. वाफ वेटोळ्या नळीतून गार पाण्याच्या हौदात उतरते आणि दुसऱ्या टोकाला पाणी ठिबकायला लागतं. थोड्या वेळाने त्या पाण्यावर फिकट तेलाचा थर तरंगायला लागला. बघत बसावं असं आहे ते. मी दोन तास हलले नाही, वाफेने डोळे चुरचुरत होते तरी.

मग त्यांनी बाटल्या मांडल्या. लहान लहान, तपकिरी. नरसाळ्याने तेल भरायला लागल्या, ते गळ्यापर्यंत नाही तर पार तोंडापर्यंत, बूच बसवताना एक थेंब बाहेर येईल इतकं. मागच्या वर्षी माझ्याकडेही अशाच बाटल्या आल्या होत्या, एका खोक्यात बत्तीस. मी तेव्हा खूप हसले होते. एवढ्या बाटल्या कशाला, मोठा कॅन का नाही पाठवत, असं कळवलंही होतं. आता सहज विचारलं की इतकं काठोकाठ का भरता.

"रिकामी जागा ठेवली का तेल उग्र होते, ताई. पयल्या साली आमचं अर्धं कॅन असंच गेलं. उजेडात ठेवलं, रोज उघडलं, आन् महिन्याभरात रॉकेलावानी वास मारे. तुमी कसं ठेवलं होतं?"

मी कसं ठेवलं होतं? बत्तीसच्या बत्तीस बाटल्या उघडून, सगळं तेल एका मोठ्या, पारदर्शक काचेच्या बरणीत ओतून, खिडकीतल्या फळीवर. फोटोत सुंदर दिसायची. सकाळच्या उन्हात तर फारच. रोज झाकण काढायचे, रोज थोडं तेल कमी आणि आत थोडी हवा जास्त. हवा आणि उजेड लागला की हे तेल बिघडतं आणि कातडीला चावायला लागतं, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. माझ्या प्रत्येक क्रीमच्या डबीवर मी स्वतः छापते: झाकण घट्ट लावा, उन्हात ठेवू नका.

मी चंदाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढची बाटली भरायला घेतली. मला त्या क्षणी त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता सांगूनच टाकावं म्हणून मी धर्माभाऊंकडे निघाले तर चंदाबाईंनी थांबवलं. हात बघितल्याशिवाय ते मानणार नाहीत, उद्या सकाळी बोला, म्हणाल्या.

सोमवारी सातला ट्रॅक्टर आला. धर्माभाऊ, ट्रॅक्टरवाला आणि शेजारचे दोघेतिघे अंगणात उभे असताना मी बाह्या वर केल्या. डावा कोपर लालभडक, वर बारीक पुरळ, रात्रीपासून खाजत होता. उजवा स्वच्छ. मी म्हणाले, "धर्माभाऊ, दोन्हीकडे तुमचंच तेल आहे, एकाच खेपेचं. कणगीत राहिलं ते हे, माझ्याकडे राहिलं ते हे. तुमचं तेल चांगलं होतं. खराब मी केलं, आणि खोटं नाव तुमचं घेतलं."

त्यांनी माझे दोन्ही हात आलटूनपालटून पाहिले, डॉक्टरसारखे. मग ट्रॅक्टरवाल्याला, आलाच आहेस तर वरच्या तुकड्यात नांगर फिरव, असं सांगितलं. ट्रॅक्टर वळला आणि मला हायसं वाटलं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "पण उपटलेली झाडं तं गेलीच ना, ताई."

नव्या रोपांचा खर्च मी देते म्हणाले, त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. निघताना चंदाबाईंनी रविवारचं तेल दिलं, पुन्हा लहान बाटल्या, पुन्हा काठोकाठ. आणि एक अट घातली, जी मी इथे जशीच्या तशी लिहून ठेवते: "पुढच्या बारीनं काई झालं तं पयले मले विचारजा. मंग ठरवजा."

परतीची वाट तीच. जायचं असेल तर फेब्रुवारीतच जा. हळद शिजताना बघायला मिळते, पळस असतो आणि ऊन अजून सोसवतं. चार दिवस हाताशी ठेवा. तांड्यावर कुणाच्याही घरी जेवायला बसलात तर पहिल्या भाकरीनंतर पुरे म्हणू नका, ते कुणी ऐकत नाही.

घरी आल्यावर बरणी रिकामी केली आणि बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवल्या. एका वेळी एकच उघडते. नणंदेला खरं सांगितलं, तिने महिनाभर चिडवायचा हक्क मागून घेतला आणि मी दिला. पण ते सोपं होतं. जानेवारीत ज्या चौदा जणींना मी डब्या परत करायला सांगितल्या होत्या, त्या सगळ्यांना मी एकच कारण दिलं होतं: शेतकऱ्याने भेसळ केली. आता त्या चौदा जणींना फोन करायचे होते. मी यादी काढली.

त्यांतल्या एकीने तेव्हा म्हटलं होतं, "अगं, त्या तांड्यावरच्या लोकांना काय कळतंय त्यातलं." आणि मी "हो ना" म्हणाले होते.

पहिला फोन तिला केला.