तापीचा झुलाल समुद्रावर गेला

आमच्या गावाला समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. दोंडाईच्याहून तापीकडं निघालं की तासाभरात आमचं गाव लागतं. इथं माणूस जन्मून म्हातारा होतो, तरी खारं पाणी त्याच्या पायाला लागत नाही. मी घेवरचंद, पेठेत माझं किराणा दुकान आहे. बोलायला फटकळ आहे, ते गावाला ठाऊक आहे. टीव्हीवर ती बातम्यांची बाई समुद्र किती तापला ते सांगायला लागली की मी चिडायचो. म्हणायचो, बाई गं, एकदा वैशाखात आमच्याकडं ये, तापणं कशाला म्हणतात ते दाखवतो तुला. आता ती बातमी लागली की मी आवाज वाढवतो आणि गिऱ्हाइकाला थांब म्हणतो.

हे झालं झुलालमुळं. झुलाल भोई. मासे धरणं हा त्याचा बापजाद्यांचा धंदा, पण पंचक्रोशीत तो ओळखला जायचा वेगळ्याच कामासाठी. तापीत कुणी बुडालं की पोलिसांची गाडी यायच्या आधी लोक झुलालच्या दारात उभे राहायचे. तो यायचा, काठावर बसायचा, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून पाणी जोखायचा. पाणी कोमट असलं की बुडालेला लवकर वर येतो, गार असलं की उशीर लागतो, हे त्याचं साधं गणित. मग वाहत्या पाण्याचा अंदाज घेऊन खालच्या अंगाला कुठल्या डोहात, कुठल्या झुडपाशी बघायचं ते ठरवायचा आणि उतरायचा. रिकाम्या हातानं वर आलेला मी त्याला पाहिला नाही. पैसे घ्यायचा नाही. एक नारळ घ्यायचा, तोसुद्धा नदीलाच द्यायचा.

माझा रोनकही त्यानंच काढला. कॉलेजातल्या दोस्तांबरोबर पोहायला गेला होता, पोहता कुठं येत होतं त्याला! आम्ही जैन माणसं, झुलालच्या टोपलीवरून वारं आलं तरी नाकाला रुमाल लावणारी. त्या माणसानं माझं पोरगं छातीशी धरून काठावर आणलं आणि पानबाईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मांडीवर त्याचं डोकं ठेवलं. तिनं त्याचे केस नीट केले. लोक म्हणतात, मेलेलं तोंड बघून काय मिळतं? मिळतं हो. दार वाजलं की तोच आला, असं वाटायचं थांबतं. त्या दिवसापासून झुलाल माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायला लागला आणि आमच्या घरात त्याच्यासाठी वेगळा कप राहिला नाही.

झुलाल आणि प्रमिलाबाईला एकच मुलगा, समाधान. बापासारखाच पाण्यातला. पण तापीवर बंधारे झाले, साचल्या पाण्यातली मासळी ठेक्यानं जायला लागली आणि भोयांच्या पोरांना नदीकाठी बसून नदीकडं बघायचंच काम उरलं. समाधानचं लग्न झालं, मेघा घरात आली, आणि दुसऱ्या वर्षी तो नंदुरबारकडच्या पोरांबरोबर सौराष्ट्राच्या एका बंदरावर खलाशी म्हणून गेला. मोठ्या होडीवर जाळं ओढायचं काम.

त्याचा फोन आला की झुलाल पायरीवर बसून मला सगळं सांगायचा. पोरगं म्हणतं, किनाऱ्याजवळ मासाच राहिला नाही. वरचं पाणी तापलंय, मासा गारव्याला खोल आणि लांब गेलाय, मग होडीलाही त्याच्यामागं जावं लागतं. पूर्वी म्हणे हप्त्याभरात घरी यायचे खलाशी, आता निम्मा महिना पाण्यावरच जातो. झुलालला याचं हसू यायचं. मासा पाणी सोडून कुठं जाणार, शेठ, असं म्हणायचा. तापीतला मासा जाऊन जाऊन बंधाऱ्यापर्यंत जातो, एवढंच त्याला माहीत.

त्या वर्षी समाधान कोजागिरी झाल्यावर परत बंदरावर गेला, तो दिवाळीनंतर येणार होता. ऐन दिवाळीत अरबी समुद्रात वादळ उठलं. आम्ही इथं दारात पणत्या लावत होतो, आभाळ जरासं भरून आलं होतं, तेवढंच. भाऊबीजेला होडीच्या मालकाचा फोन आला. बाकीच्या होड्या किनाऱ्याला लागल्या, आपली लागली नाही.

प्रमिलाबाई रडली नाही, ओरडली नाही. उंबऱ्यात उभी राहून नवऱ्याकडं बघत राहिली. झुलालनं खांद्यावर टॉवेल टाकला आणि एवढंच म्हणाला, "मी त्याले लई येसू." मी त्याला घेऊन येतो. जिवंत की कसा, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. गावात सगळ्यांना वाटलं, झुलाल गेलाय म्हणजे आणणारच. मलाही वाटलं.

मला गुजराती येतं, म्हणून मी बरोबर निघालो. खरं तर गुजराती येत नसतं तरी गेलो असतो. दोंडाईच्याहून रेल्वेनं सुरत, तिथून बस, मग दुसरी बस. वाटेत झुलाल एकच विचारत होता, तापी समुद्राला मिळते ती जागा तिथून किती लांब आहे. मी म्हटलं, फार लांब आहे, झुलालभाऊ. तरी त्याला ते पटलं नाही. तापी तिथं मिळते, म्हणजे ते पाणी थोडं तरी आपल्या ओळखीचं असणार, असं त्याच्या मनात होतं.

बंदरावर उतरलो तर मोडक्या फळ्या, फाटकी जाळी आणि बायांचे घोळके. झुलालनं कुणाशी बोलायच्या आधी चपला काढल्या आणि पाण्यापाशी जाऊन बसला. नदीवर बसायचा तसाच. लाट आली, त्याला कमरेपर्यंत भिजवून गेली, तरी हात आत घालून तसाच राहिला. मग माझ्याकडं वळून बघितलं. त्याच्या तोंडावर मला उजेड दिसला, खोटं सांगत नाही.

"शेठ, पाणी कोमट शे," तो म्हणाला. "लवकर वर येई."

तिथं एक म्हातारा तांडेल होता, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या. त्याची होडी वाचली होती. झुलालनं मला त्याला विचारायला लावलं की इथं पाण्याची खालची बाजू कुठली, वाहून गेलेलं माणूस कुठल्या अंगाला लागतं. मी विचारलं. तांडेल माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं झुलालकडं बघितलं, आणि हा माणूस नदीवरचा आहे हे त्याच्या ध्यानात आलं. तो शेजारी येऊन बसला. म्हणाला, भाऊ, इथं खालची बाजू नसते. वारा फिरला की पाणी फिरतं.

मग तो बोलत राहिला आणि मी मराठीत सांगत राहिलो. म्हणाला, पाणी कोमट आहे म्हणूनच हे झालं. त्याच्या तरुणपणी या बाजूच्या समुद्रात अशी वादळं क्वचित व्हायची, बंगालकडं व्हायची. आता समुद्र तव्यासारखा तापलेला असतो आणि वादळ त्या उष्णतेवरच पोसतं. काल साधा वारा असतो, आज राक्षस झालेला असतो. बिनतारीवर परत फिरा, परत फिरा असं सांगत होते. जवळचे फिरले. पण मासा लांब गेलेला, त्याच्यामागं समाधानची होडी सगळ्यांत लांब गेलेली. त्यांनीही तोंड फिरवलं होतं, शेवटचा आवाज आला तेव्हा ते घराकडंच येत होते. झुलालनं पाण्यातला हात काढला आणि धोतराला पुसत बसला. हात कोरडा झाला तरी पुसत होता.

आता परत निघू म्हटलं तर तो ऐकेना. रोज पहाट फुटली की किनाऱ्यानं चालायला लागायचा, आणि मी माझे गुडघे घेऊन त्याच्यामागं. परतणाऱ्या प्रत्येक होडीला मी गुजरातीत तेच विचारायचो आणि तेच उत्तर यायचं. एका सकाळी लाटांत काहीतरी दिसलं. लोक बोट दाखवत उभे, झुलाल कपड्यांसकट आत. त्याला समुद्राची लाट ठाऊक नव्हती, दोनदा आपटला, पण घेऊन आला. कुण्या दुसऱ्याचा मुलगा होता. त्याची आई धावत आली आणि झुलालच्या पाया पडली. झुलालचं तोंड मला बघवेना. देवा, एवढं माणसाला दाखवू नये रे!

शेवटी मीच त्याला हाताला धरून बसमध्ये चढवलं. घरी पोहोचलो तेव्हा प्रमिलाबाई त्याच उंबऱ्यात. तिनं आमच्या मागं बघितलं, कुणी नव्हतं. मग तिनं जे म्हटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"बठ्ठास्ना पोरे काढात तुम्ही. मना एक सापडत नही?" सगळ्यांची पोरं काढलीत तुम्ही, माझं एक सापडत नाही?

त्या दिवसापासून झुलाल पाण्यात उतरला नाही. जाळं खुंटीला टांगलं. माणसं बोलवायला आली तर मान हलवायचा, आणि पोलिसांना दुसरीकडून पाणबुडे आणावे लागायचे. पायरीवर यायचा, बसायचा, चहा निवून जायचा. माझा जीव तुटायचा, पण करणार काय? माझं दुःख त्यानं हातांनी उचलून आणून दिलं होतं. त्याच्या दुःखाचा मला पत्ताच सापडत नव्हता.

हिवाळा गेला, ऊन तापायला लागलं. प्रमिलाबाई रोज समाधानचं ताट वाढायची. मेघा एकदा दुकानात आली, टिकल्यांचं पाकीट हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि परत ठेवून साखर घेऊन गेली. आखाजी जवळ आली तशी भाऊबंदांची कुजबुज वाढली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. मग समाधानची घागर भरायची की नाही? देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, अशी रीत आहे. ती करून मोकळे व्हा, असं भाऊबंद सांगायला लागले. मोकळे व्हा म्हणे! मी दोघांना दुकानासमोरच झापलं. आणि प्रमिलाबाईनं तर सगळ्यांना घराबाहेरच काढलं. मी पोटात पानं वाढवली नव्हती, असं ती म्हणाली. पोराचं तोंड दाखवा, मग काय ते करा.

गाडं पुढं सरकलं ते मेघामुळं. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. तिचा भाऊ न्यायला आला होता. ती बॅग भरून दारात आली आणि तिथंच थांबली. मी झुलालजवळ ओट्यावर बसलो होतो. ती हळूच म्हणाली, "आबा, मी काय शे, ते एकदा सांगी द्या. मंग जास." सवाष्ण की विधवा, ते कळल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

झुलालनं तिच्या रिकाम्या कपाळाकडं बघितलं. त्यानं भावाला दोन दिवस थांबायला सांगितलं, आणि विळा घेऊन पळसाकडं गेला.

पुतळा त्यानं स्वतः बांधला. दर्भावर पानं, पानांवर सुताचे वेढे, समाधान होता तेवढ्या उंचीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तापीच्या काठावर गेलो. भटजी होते, दहा-बारा माणसं होती. बाया येत नाहीत, पण प्रमिलाबाई आली. आली आणि सरणाकडं पाठ करून, नदीकडं तोंड करून बसली. कुणाची हिंमत झाली नाही तिला काही म्हणायची.

भटजींनी पुतळा सरणावर ठेवा म्हटलं. झुलालनं तो उचलला, पण सरणाकडं गेला नाही. सरळ नदीत शिरला. भटजी ओरडले, अहो, भिजेल, पेटणार नाही! मी म्हटलं, गप बसा. झुलाल छातीएवढ्या पाण्यात गेला, मग पुतळ्यासकट खाली गेला. पाणी वरून मिटलं. फार वेळ लागला. भाऊबंद उठून उभे राहिले, आणि मीसुद्धा, पोहता येत नसताना, पाण्यात दोन पावलं टाकली.

मग तो वर आला. दोन्ही हातांवर आडवा पुतळा, पाणी निथळतंय, म्हातारा धापा टाकतोय. काठ चढताना गुडघ्यावर पडला, तरी पुतळा खाली टेकवला नाही. प्रमिलाबाईच्या पुढ्यात येऊन बसला आणि त्या पानांचं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं.

"लई उनू," तो म्हणाला. घेऊन आलो.

ती बघत राहिली. एक पान सुटून लोंबत होतं, ते तिनं आत खोचलं. पदरानं ओली पानं पुसली, डोक्यापासून पायापर्यंत, अगदी सावकाश. आणि मग इतक्या महिन्यांचं ते रडणं तिच्या छातीतून फुटलं. झुलाल तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. कितीतरी वेळानं तिनं स्वतःच पुतळा उचलून त्याच्या हातात दिला.

"व्हय," ती म्हणाली. "उना मना पोऱ्या. आते द्या अग्नी."

पानं ओली होती, पेटेनात. मी घरून आणलेलं सगळं तूप ओतलं, आणि नदीकडं तोंड फिरवून लहान पोरासारखा रडलो.