गायरानावरचं शेण

हसनाबादच्या उत्तरेला टेकाडाच्या पोटाशी गायरान आहे. रखमाजीनं त्याच्यावर बेचाळीस वर्षं गावची गुरं राखली. सकाळी पाराजवळ उभं राहून त्यानं एक हाळी दिली की घरोघरची दावी सुटायची. शंभर-सव्वाशे जनावरं त्याच्या मागं निघायची. कोणती गाय कोणाची, हे तो नुसती पाठ बघून सांगायचा. माणसांची नावं मात्र विसरायचा.

जनावरामागं वर्षाला ठरलेली ज्वारी, आणि गायरानावर पडेल ते शेण गुराख्याचं, असा गावचा जुना रिवाज. शेणाचा हक्क सगुणाबाईनं सांभाळला. नवरा गुरांच्या पुढं, ही पाटी घेऊन मागं. पो पडला की उचलला. वाळलेली गवरीसुद्धा ती मागं ठेवत नव्हती. घरामागं उकिरडा छातीएवढा वाढायचा आणि उन्हाळ्यात बागायतदार सोमेश्वरची ट्रॉली येऊन तो त्याच्या मोसंबीच्या बागेत न्यायची. बदल्यात वर्षाचे गहू आणि डाळ घरात. दोन पोरींची लग्नं शेणावर केली, असं सगुणाबाई चारचौघींत तोऱ्यानं सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

गवत कधी विरळ व्हायला लागलं ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. आधी मारवेल गेला, मग पवन्या. राहिली ती कुसळी, जनावराच्या जबड्यात टोचणारी. चांगला पाऊस झाला त्या सालीही खालची माती तशीच उघडी. संध्याकाळी गुरं खपाटीला गेलेली पोटं घेऊन परतायची. रखमाजी, गुरं चारायला नेतोस का हवा खायला, असं लोक पारावर विचारू लागले. एकेकानं जनावर घरीच बांधलं. कळप तिसावर आला तेव्हा रखमाजीला पहिल्यांदा भीती वाटली. गुरं गेली तर आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्याच सुमाराला जनावरांची डॉक्टर वंदना लस टोचायला गायरानावर आली. रखमाजीनं तिच्याजवळ गवताचं रडगाणं गायलं. बाई चौकस होती. चालत चालत पार नाल्याच्या उतारापर्यंत गेली. तिथं चढ असा की पाटी घेऊन माणूस उभं राहू शकत नाही. आणि तिथंच गवत गुडघ्याला लागत होतं, मधून रानमुगाचे वेल पसरलेले. तिनं एक वेल मुळासकट उपटून दाखवला. मुळाला तांबूस बारीक गाठी होत्या. या गाठी हवेतलं नत्र धरतात, तिनं समजावलं, त्यावर शेजारचं गवतही पोसतं. गवत गाय खाते, पण खाल्लेल्यातलं बरंचसं शेणामुतातून जमिनीला माघारी देते. रानमुगाचं बीसुद्धा शेणातूनच रुजतं.

"शेण इथंच पडून राहतं ना, बाबा?" तिनं सहज विचारलं.

"न्हाई. आमी उचलून राह्यलो."

"किती वर्षं?"

परतताना रखमाजीला दुपारी गुरं बसतात ती निंबाखालची जागा दिसली. एवढ्या उजाड माळावर तेवढाच हिरवा तुकडा. रोज तिथून जायचा तो, पण आज कळलं. मुताला पाटी लावता येत नाही, म्हणून तेवढं राहिलं होतं. बाकीचं गायरान त्याच्याच घरामागून ट्रॉलीत बसून गेलं होतं.

त्यानं सगुणाबाईला शेण उचलायचं बंद कर म्हणून सांगितलं. ती पाटी खाली न ठेवता त्याच्याकडं बघत राहिली.

"मंग खायचं काय? नत्र?"

"तीन साल कळ काढ, सगुणे."

"आणि तवर गवत तुमाला इचारून उगवणार हाये?"

तिसऱ्या दिवशी ती मिरच्या तोडायला रोजानं गेली. गुरं पाठवत राहा म्हणून रखमाजीनं पारावरही लोकांकडं तीनच वर्षं मागितली. कोणी हसलं, कोणी बघू म्हणालं. पहिल्या पावसाळ्यात पोंना किड्यांनी भोकं पाडली, वाळवीनं माती चढवली. गवत काही हललं नाही. दुसऱ्या सालाला रानमूग उतार सोडून वर सरकला. तो वाकून मोजावेत तसे वेल बघायचा, आणि मागं कळप अकरावर आला होता.

शेवटची गाय चांगुणाबाईची. ती म्हातारी शब्दाला जागणारी, पण पोरानं सिमेंटचा कोबा घालून गोठा बांधला, आणि तिनंच येऊन सांगितलं की भाऊ, उद्यापासून नका थांबू. दुसऱ्या दिवशी रखमाजी पारावर गेला, हाळी न देता परत आला.

यंदा गायरानावर गवत मांडीला लागलं. मारवेल आला, रानमुगाला शेंगा धरल्या, आणि खायला एक तोंड नव्हतं. उभं वाळून जाण्यापेक्षा म्हणत सगुणाबाईनं विळा काढला. दोन भारे रखमाजीनंच डोक्यावर चांगुणाबाईच्या गोठ्यात नेऊन टाकले. गाय मान घालून खाऊ लागली. थोड्या वेळानं तिनं शेण टाकलं, ते कोब्यावर पसरलं.

"चांगुणाबाई, एक पाटी शेण द्या. वर नेऊन टाकतो."

"वर? माळावर कशाला, भाऊ?"

"गवत तिथलं हाये."

चांगुणाबाई ओशाळली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "माझी काईच ना न्हाई हो. पण पोरानं सोमेश्वरच्या ट्रॉलीला सांगून ठेवलंय. तुमचं बंद झाल्यापासून तो आमचंच नेतो."

रखमाजीनं भाऱ्याची दोरी गुंडाळली आणि घरी आला.

सकाळी सगुणाबाईनं आणखी भारे बांधायचे म्हणून त्याच्या हातात विळा दिला. त्यानं घेतला. कापताना तो रानमुगाचे वेल हातानं बाजूला सारत होता, दोन-चार शेंगा तरी तिथंच तडकाव्यात म्हणून. मागून ती ते वेलही कापत येत होती.