कोंबडीसाठी ठेवलेला नारळ

तीन दिवस बेपत्ता असलेली कोंबडी लंगडत अंगणात आली आणि गुन्हेगार कोण ते मला तत्क्षणी कळलं. उजव्या पायाचं बोट सुजून काळंनिळं, डाव्या पंखाखाली कातडी फाटून पू धरलेला. दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडे माझे चुलत दीर राहतात. त्यांनी चवळीच्या वाफ्याला निळी नायलॉनची जाळी लावली होती आणि माझी कोंबडी चवळी उकरते म्हणून महिनाभर माझं डोकं खात होते. तीन दिवस मी गडग्यावरून त्यांचीच वाडी न्याहाळत होते. आणखी पुरावा कशाला हवा?

गुरांच्या डॉक्टरांनी फोनवर उपाय सांगितले. पंखाच्या जखमेभोवतीची पिसं कापायची, पाय कोमट मिठाच्या पाण्यात बुडवायचा, मग आयोडीन लावायचं. घरात मी एकटी. सकाळ-संध्याकाळ तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची आणि पू पुसता पुसता भावोजींचा उद्धार करायची. पंख सुकू लागला, पण पायाची सूज हटेना. माझा राग तर रोज वाढतच होता.

पाचव्या दिवशी मी नारळ घेऊन ग्रामदेवीकडे गेले. आमच्याकडे अन्याय झाला की देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. नाव कोणाचं घेऊ, असं गुरवाने विचारलं. नात्यातल्या माणसावर नारळ ठेवला असा बोभाटा नको, म्हणून मी शहाणपणा केला. नाव नको म्हटलं, देवीला सगळं ठाऊक आहे. "ज्याच्या जाळीने हे झालं, त्याच्या पायाची हीच गत होऊ दे." घरी येताना मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना पायाचा फोटो पाठवला. आत काहीतरी आवळलंय, खपली भिजवून कापून काढा, कोणाला तरी धरायला सांगा, असं ते म्हणाले. मी कोणाला सांगणार? एकटीच बसले. कोंबडीने असा काही आरडाओरडा केला की भावोजी गडगा ओलांडून आले आणि तिला मांडीवर घेऊन बसले. मी चिमट्याने ओढलं. दोरा निघाला. हिरवा.

मे महिन्यात आमसुलं वाळत घातली तेव्हा कावळे येऊ नयेत म्हणून मी वर हिरवी जाळी टाकली होती. काम झाल्यावर गुंडाळी करून परसातल्या लाकडांमागे फेकून दिली. कोंबडी तिथे अडकली होती, माझ्याच परसात.

"वयनी, ही तुमच्या आमसुलांवरची जाळी," ते हळूच म्हणाले. हसले असते तर भांडता तरी आलं असतं. ते इतक्या मायेने बोलले याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी नवा नारळ घेऊन मी देवळात गेले. सभामंडपात भजनाची चार माणसं बसली होती. गाऱ्हाणं मागे घ्यायचंय, मी गुरवाला हळू आवाजात सांगितलं.

"घेता येतं बाय. पन जाळी कोनाची, ते आता नाव घेऊन सांगायला लागंल."

मी माझं नाव सांगितलं. गुरवाने ते देवीला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात पुन्हा म्हटलं.