मास्तरांनी शिवलेले पट्टे

मास्तर शिंपी आहेत. माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठे, तरी मित्र. पदवी घेऊन मी रिकामा बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला काजं करायला शिकवलं.

शेजारच्या नर्सबाईंची तीन मांजरं मास्तरांच्या अंगणात येत. रोपं उकरत, वाळत घातलेल्या अस्तरावर लोळत. मास्तरांनी संत्र्याच्या साली टाकल्या, पाणी मारलं. मांजरं दाद देईनात. मग त्यांनी तीन पट्टे शिवले, प्रत्येकाला एक घुंगरू लावलं. नर्सबाईंनी ते हौसेनं मांजरांच्या गळ्यात घातले.

"आता आली की कळेल. लगेच हाकलतो," मास्तर म्हणाले.

कळायचं, पण आधी मास्तरांच्या बायकोला, काकूंना. घुंगरू वाजलं की त्या गॅस बंद करून मागच्या दारी जात. मास्तरांचा पाय मशीनवरून निघेपर्यंत त्या पायरीवर बसलेल्या असत. मांजरांशी बोलत. गुडघा कसा ठणकतो, झोप कशी लागत नाही, धाकटी बहीण फोन का करत नाही.

मास्तर आतून ऐकत. "माझ्या बायकोचा गुडघा दुखतो, हे मला मांजरांमुळे कळलं," ते मला म्हणाले.

"तुम्ही विचारा की."

"विचारलं तर म्हणते, काही नाही."

एकदा पिवळा बोका काकूंच्या मांडीवर झोपला. काकू हसल्या. मास्तरांनी कात्री ठेवली आणि थेट कुंपण गाठलं.

"बाई, तुमचं लेंढार घरात ठेवा."

"ठेवते. खातात माझं आणि रमतात तुमच्याकडे. मलाही काही बरं वाटत नाही," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी खिडक्यांना जाळी लावली.

त्या संध्याकाळी मास्तरांनी मशीन लवकर झाकलं. काकूंना बोलावून पायरीवर शेजारी बसवलं.

"बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

काकूंनी थोडा वेळ रोपांकडे पाहिलं. मग भाजी चिरायची आहे म्हणून उठल्या. पुढचे तीन दिवस त्या मागच्या दारी आल्याच नाहीत.

चौथ्या दिवशी मास्तर पुन्हा कुंपणाशी गेले. मी मागे उभा होतो.

"एखादं तरी सोडा," ते म्हणाले. "ती करडी चालेल. बोका नको."

नर्सबाईंना हसू आवरेना. "सवत निवडून घेताय, मास्तर?"

"दुपारी सोडा. त्या वेळी मी मशीन बंद ठेवीन," मास्तर म्हणाले. "आणि हिला सांगू नका, मी खिडकीशी असतो म्हणून."