मेघनाची सैल पँट

“काकू, गाऊन सोडा. गुडघा वाकवा.”

शकुंतलाकाकूंनी गाऊन सोडला नाही. दोन्ही हातांनी त्याची कड घोट्यापर्यंत ओढून धरली आणि पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे एक आजोबा खांद्याचे व्यायाम करत होते.

मी फिजिओथेरपिस्ट. क्लिनिक रामदासपेठेत. काकू उमरेडच्या, ऑपरेशननंतर नागपुरात लेकीकडे राहत होत्या. गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते, पण रेंज पुढे सरकत नव्हती. रेंज म्हणजे सांधा किती वाकतो ते. सुरुवातीला वाकवला नाही, तर गुडघा आतून आखडतो. मग भूल देऊन डॉक्टरांना तो वाकवावा लागतो.

सर्जनचा फोन आला. “मॅडम, आणखी एक आठवडा बघू. नाहीतर भूल द्यावी लागेल.”

अडचण दुखण्याची नव्हती. पलंगावर टाच मागे सरकवली की गाऊन मांडीपर्यंत घसरायचा. काकू तो सावरायच्या आणि व्यायाम तिथेच थांबायचा.

“ट्रॅक पँट घाला ना,” मी म्हटलं.

“मी अन् पँट? मले नाही जमत वं पोरी.”

सोबत सून असायची, मेघना. पुण्यात वाढलेली, नोकरी बंगळूरला. सासूची काळजी घ्यायला, लॅपटॉपवर काम सांभाळत इथे राहिलेली. अंगात सलवार-कुर्ता, ओढणी पिना लावून घट्ट. बर्फाची पिशवी भरताना मला म्हणाली, “तिकडे मी शॉर्ट्सवर भाजी आणते. कोणी मान वर करून बघत नाही.” तक्रार नव्हती. सांगितलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची सैल पँट आणली. ती पाहून काकूंनी तोंड फिरवलं. मेघना बाहेर गेली तेव्हा दिसलं, काकू रडत होत्या.

“दुखतंय का?”

“नाही वं. लग्नानंतर पहिल्यांदा उमरेडले आली, तेव्हा जीन्समधी होती. शेजारी पाहून राहिले होते. मी तिले मागच्या दारानं आत घेतली. म्हटलं, या घरात पँट चालनार नाही. आता तिचीच पँट कोनत्या तोंडानं घालू?”

मेघना पडद्याशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता जुनं उकरून निघणार. ती आत आली, पँट उचलली आणि पलंगाशी खाली बसली.

“राग आला होता, आई. खूप. पण गुडघा वाकायलाच हवा. पाय द्या इकडे.”

“हळू वं,” काकू म्हणाल्या आणि पाय पुढे केला.

त्या दिवशी टाच पहिल्यांदा नीट मागे आली. घामाघूम झालेल्या काकूंनी सुनेकडे पाहिलं. “अन् तू काहून ओढणी गुंडाळून राहिली एवढ्या उकाड्यात? काढ ते.”

“उमरेडला कळेल.”

“कळू दे. सांगनारे मलेच फोन करतात ना?”

आठवड्याने सर्जननी तपासलं. गुडघा काटकोनापुढे गेला होता. भूल द्यावी लागली नाही.

शेवटच्या तपासणीला काकू साडी नेसून आल्या. मी विचारलं, “पँट सुटली वाटतं?”

“घरात घालतो ना. शेजारीण इचारते, कुठून घेतली म्हनून. तिचेही गुडघे दुखतात.”

मेघना शेजारी जीन्समध्ये बसली होती. मोबाईलवर शेजारणीसाठी पँटचा रंग शोधत होती.

तेव्हापासून कोणी पेशंट पँटला नाही म्हणाला, की मी गुडघ्यावर भाषण देत नाही. हे ‘नाही’ कोणासाठी आहे, ते आधी विचारते. निम्मी रेंज तिथेच अडकलेली असते.